वासरांना खनिज मिश्रण: किती, कधी आणि कशातून

नवा गोठा टाकला की दुकानातून दोन गोष्टी हमखास घरी येतात: लिक्विड कॅल्शियमचा कॅन आणि खनिज मिश्रणाची पिशवी. दोन्ही आणलेल्या असतात दुभत्या गाईसाठी. वासराच्या वाट्याला त्यातलेच मूठभर येते, तेही आठवण झाली तर. चार दिवस मूठभर, मग पंधरा दिवस काहीच नाही, आणि वासरू माती चाटताना दिसले की पुन्हा दोन मुठी.

वासराला लागणारी सूक्ष्म खनिजे म्हणजे तांबे, जस्त, मँगनीज, लोह, कोबाल्ट, आयोडीन आणि सेलेनियम. ही सगळी मिलिग्रॅममध्ये मोजायची असतात. कमी पडली तर महिनोनमहिने नुसती वाढ रखडते, डोळ्यात भरेल असे काही दिसत नाही. जास्त झाली तर तांबे यकृतात साठत जाते, आणि सेलेनियमचे तर औषध आणि विष यांतले अंतर फारच थोडे. म्हणून नव्या माणसाने पिशवी फोडण्याआधी एकच काम करावे: वासराच्या पोटात आत्ता काय काय जाते आहे ते मोजावे. मिश्रण घालायचे की नाही, हे त्यावरून ठरते.

सुरुवात गाभण गाईपासून

वासरू जन्माला येते तेव्हा तांबे आणि लोह यांचा साठा यकृतात घेऊनच येते. हा साठा गाभणपणाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत आईकडून मिळतो. गाय आटवली आणि तिचा खुराकही बंद केला, असे आपल्याकडे सर्रास होते. दूध नाही तर पेंड कशाला, असा हिशेब. त्याची किंमत पुढे वासरू चुकते करते.

भाकड-गाभण गाईला रोज ५० ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण चालू ठेवावे. मात्र विण्याआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमचा मारा केला तर व्यायल्यावर दुग्धज्वराची, म्हणजे रक्तातले कॅल्शियम एकदम घटून गाय बसण्याची, शक्यता वाढते. तेव्हा त्या काळातले प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

नाशिक-पुण्याकडे भाजीपाल्याच्या पट्ट्यात कोबी-फ्लॉवरचा पाला फुकट मिळतो म्हणून गाभण गाईंपुढे ढिगाने पडतो. या पाल्यात आयोडीनच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात. अधूनमधून दिला तर हरकत नाही, पण रोजचा मुख्य चारा तोच नको. आयोडीन फारच कमी पडले तर वासरू गळ्याशी गाठ घेऊन, अंगावर केस विरळ असलेले, कधी मेलेलेच जन्मते.

पहिला आठवडा: चीक, आणि पावडर अजिबात नाही

पहिल्या दोन तासांत दोन-अडीच लिटर चीक आणि बारा तासांच्या आत पुन्हा तेवढाच. लहान चणीच्या देशी वासराला थोडा कमी चालेल. चिकात रोगप्रतिकारक घटक तर असतातच, शिवाय नेहमीच्या दुधापेक्षा खनिजेही जास्त असतात. या आठवड्यात दुधात पावडर मिसळू नका. ती तळाशी बसते, बाटलीच्या बोंडल्यात अडकते आणि उपयोगापेक्षा हगवणीलाच निमित्त होते.

दहाव्या दिवसापासून तीन महिने: खुराकाची सवय

दूध हे पूर्णान्न असल्याचे आपण ऐकत आलो. वासराच्या बाबतीत ते पहिल्या काही आठवड्यांपुरतेच खरे. गाईच्या दुधात लोह लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि तांबे-मँगनीजही नगण्य. दोन महिने नुसत्या दुधावर ठेवलेले वासरू गुबगुबीत दिसते, पण हिरड्या फिक्या पडू लागतात. साठा संपत आलेला असतो.

यावरचा उपाय म्हणजे दूध चालू असतानाच लवकर सुरू केलेला काफ स्टार्टर, म्हणजे वासरांचा खुराक. आठव्या-दहाव्या दिवसापासून दूध पाजून झाले की बोटावर थोडा खुराक घेऊन वासराच्या तोंडाला लावा. उरलेला छोट्या घमेल्यात समोर ठेवा. रोज ताजा, मूठभर. शेजारी स्वच्छ पाणी हवेच, कारण पोटातल्या जिवाणूंना काम करायला पाणी लागते आणि दुधातले पाणी तिथपर्यंत पोहोचत नाही. कोबाल्टचा उपयोगही हे जिवाणूच करतात, त्यापासून ते बी-१२ जीवनसत्त्व तयार करतात. पोट रवंथाला तयार झालेच नसेल तर कोबाल्ट घालून उपयोग काय?

खुराक घरी करायचा असेल तर १०० किलोसाठी हे प्रमाण चांगले चालते: मक्याचा भरडा ४५ किलो, सोयाबीन किंवा शेंगदाणा पेंड ३२ किलो, गव्हाचा कोंडा २० किलो, खनिज मिश्रण २ किलो, मीठ १ किलो. शेंगदाणा पेंडीला बुरशीचा वास असेल तर ती वासराला नकोच. सरकी पेंड मोठ्या जनावराला चालते, लहान वासराला टाळावी. युरिया तर अजिबात नको.

आता मिसळण्याची पद्धत. इथेच बहुतेकांचे बिनसते. दोन किलो पावडर शंभर किलोच्या ढिगावर भुरभुरून फावड्याने दोनदा उलथापालथ केली की पावडर कुठे जास्त, कुठे शून्य अशी राहते. त्यापेक्षा दोन किलो पावडर आधी दोन किलो कोंड्यात हाताने एकजीव करा. ते चार किलो आणखी दहा किलो कोंड्यात मिसळा. मग तो सगळा भाग भरड्यात टाकून ढीग तीन-चार वेळा या बाजूचा त्या बाजूला करा. शेवटी वेगवेगळ्या जागचा मूठभर खुराक उचलून पांढऱ्या कागदावर पसरून पाहा. सगळीकडे रंग सारखा दिसला पाहिजे.

या खुराकात २ टक्के खनिज मिश्रण आहे. म्हणजे वासरू दिवसाला एक किलो खाऊ लागले की २० ग्रॅम मिश्रण त्याच्या पोटात जाते आहे. वरून आणखी काही घालायचे नाही. विकतच्या काफ स्टार्टरमध्येही खनिजे आधीच मिसळलेली असतात. पिशवीवरचा मजकूर वाचा आणि त्यावर विश्वास ठेवा.

वासरू सलग तीन दिवस रोज एक किलोच्या आसपास खुराक खाऊ लागले की दूध हळूहळू तोडायला हरकत नाही. म्हशीच्या पारडाचे मात्र उलटे होते. दूध विकायचे असते म्हणून त्याचे दूध आधी तोडले जाते आणि खुराक नंतर कधीतरी सुरू होतो. मधल्या काळात ते उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, जगते. अशा पारडाला खनिजाची पिशवी वाचवत नाही. त्याला दूध आणि प्रथिने कमी पडलेली असतात.

तीन ते बारा महिने: गव्हाणीतले माप

खुराक कमी होतो, चारा वाढतो. आता वरून मिश्रण देण्याची वेळ आली. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ वासरांसाठी रोज २० ते २५ ग्रॅम आणि मोठ्या कालवडींसाठी ५० ग्रॅम असे प्रमाण सांगते. साधारणपणे सहा-सात महिन्यांपर्यंत २५, मग वजन वाढेल तसे वर्षाच्या सुमारास ५०, असे चढवत न्यावे. यातून खुराकातून जाणारे मिश्रण वजा करायचे. कालवड अजून अर्धा किलो २ टक्क्यांचा खुराक खात असेल तर १० ग्रॅम त्यातूनच गेले, वरून १५ ग्रॅमच पुरे.

हे २५ ग्रॅम म्हणजे नेमके किती? पिशवीतल्या मापाच्या डबीवर विसंबू नका, ती बहुधा गाईसाठी असते. स्वयंपाकघरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर एकदा २५ ग्रॅम तोला, एखाद्या जुन्या औषधाच्या टोपणात किंवा प्लॅस्टिकच्या पेल्यात भरा आणि त्या उंचीवर पक्क्या शाईने रेघ मारा. तो पेला खुंटीला टांगून ठेवा. गोठ्यात काम करणारा गडी बदलला तरी माप बदलत नाही. कंपनी बदलली तर मात्र पुन्हा तोला, कारण पावडरीचा भरीवपणा वेगळा असतो.

कोरड्या कडबा कुट्टीवर टाकलेली पावडर गव्हाणीच्या तळाशी जाते. वासरू कुट्टी खाऊन निघून गेल्यावर हात फिरवून पाहा, बोटांना पांढरट थर लागेल. म्हणून पावडर आधी दोन मुठी ओलसर कोंड्यात किंवा भरड्यात मिसळा आणि तो गोळा चाऱ्याच्या आधी द्या. चार-पाच वासरे एकाच गव्हाणीवर असतील तर दांडगे वासरू सगळ्यांचे खाते. त्या दहा मिनिटांपुरते त्यांना वेगवेगळे बांधा.

चाटण विटा टांगायला सोप्या आहेत आणि वेळही वाचतो. पण कोणते वासरू किती चाटते याचा काही पत्ता लागत नाही. एखादे दिवसभर तिथेच उभे, दुसरे ढुंकून पाहत नाही. आणि वीट घेताना ती नुसत्या क्षार-मिठाची आहे ना, हे नक्की करा. युरिया-मळीच्या चाटण विटा सहा महिन्यांखालच्या वासरासमोर कधीच नकोत, युरिया पचवण्याइतके त्याचे पोट तयार नसते.

पिशवी निवडताना

खनिज मिश्रणासाठी भारतीय मानक ब्युरोचे मानक आहे, आयएस १६६४. त्यात मीठ असलेला आणि मीठ नसलेला असे दोन प्रकार आहेत. मिठाचे मिश्रण आणले तर खुराकातले वेगळे मीठ कमी करा. बिनमिठाच्या प्रकारात साधारण कॅल्शियम २०, फॉस्फरस १२, जस्त ०.८ आणि तांबे ०.१ टक्के असे आकडे दिसायला हवेत.

हे आकडे वाचायची सवय लावा, कारण खरा हिशेब तिथेच कळतो. दिवसाला दोन किलो शुष्क आहार (चारा-खुराकातले पाणी वजा करून उरणारे वजन) खाणाऱ्या वासराला किलोमागे १० मिलिग्रॅम धरून २० मिलिग्रॅम तांबे आणि किलोमागे ४० प्रमाणे ८० मिलिग्रॅम जस्त लागते. ०.१ टक्के तांबे असलेल्या २५ ग्रॅम मिश्रणातून २५ मिलिग्रॅम तांबे मिळते, ०.८ टक्के जस्तातून २०० मिलिग्रॅम जस्त. दोन्हींची गरज भागली. आता त्याच वासराला गाईचे १०० ग्रॅमचे माप घातले तर तांबे १०० मिलिग्रॅम होते. गुरांसाठी किलोमागे ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरली जाते, म्हणजे या वासराला ८०. मर्यादा ओलांडली. त्यात दुधावरचे लहान वासरू मोठ्या गाईपेक्षा तांबे कितीतरी जास्त प्रमाणात शोषते, हे वेगळेच.

पिशवीवर घटकांची टक्केवारीच छापलेली नसेल, नुसतेच वाढ, चमक आणि प्रतिकारशक्तीची आश्वासने असतील, तर ती पिशवी दुकानातच राहू द्या. चिलेटेड, म्हणजे अमिनो आम्लासारख्या सेंद्रिय घटकाशी जोडलेली, खनिजे महाग असतात. काही परिस्थितीत ती चांगली शोषली जातात हे खरे, पण नव्या माणसाने साध्या मिश्रणाचे माप रोज नेमाने द्यायला शिकावे, मग चिलेटेडचा विचार करावा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने चारा आणि पशुखाद्याचे नमुने तपासून क्षेत्रनिहाय मिश्रणे तयार करवून घेतली आहेत. तुमच्या दूध संघाकडे तुमच्या भागाचे मिश्रण मिळत असेल तर पहिली पसंती त्याला.

पिशवी फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल नसलेल्या जागी ठेवा. दमट हवेत आयोडीन उडून जाते आणि पावडरीचे खडे होतात. पावसाळ्यात लहान पिशवी आणावी, मोठी स्वस्त पडते म्हणून भुलू नये.

आपल्याकडचा चारा आणि पाणी

एकाच पिशवीचा गुण दोन गोठ्यांत वेगळा येतो, त्याचे कारण बहुधा चाऱ्यात किंवा पाण्यात असते. काळ्या चुनखडीच्या जमिनीत पिकांनाच जस्त आणि लोह नीट उचलता येत नाही, मग कडब्यात ते कुठून येणार? कोकणातल्या जांभ्या मातीत लोह भरपूर आहे, पण जास्त लोह पोटात गेले की तांब्याच्या शोषणात अडथळा येतो. ज्या बोअरच्या पाण्याने हौदाला तांबूस डाग पडतात, तिथे हीच शंका घ्यावी.

उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट असते, ते कॅल्शियम बांधून ठेवते. वाढ्यावर वाढणाऱ्या वासराला थोडा मेथीघास मिळालाच पाहिजे. पण म्हणून रोज लिक्विड कॅल्शियम पाजत बसू नका. कॅल्शियम फार झाले की जस्त शोषले जात नाही, आणि मग कातडी खरबरीत का झाली म्हणून दुसरी बाटली येते. माझ्या मते निरोगी वासराला लिक्विड कॅल्शियमची गरज नसते.

नुसत्या वाळल्या कडब्यावर असलेल्या वासराला अ आणि ई जीवनसत्त्वही कमी पडते. ई आणि सेलेनियम हातात हात घालून काम करतात. उन्हाळ्यात दोन-तीन किलो हिरवा चारा किंवा मुरघास मिळाला तरी फरक पडतो.

लक्षणे वाचताना घाई नको

सकाळच्या उन्हात वासरू उभे करा आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत नीट पाहा. एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित वासराचे काळे केस तांबूस-विटकरी झाले असतील, डोळ्यांभोवती चष्म्यासारखे करडे वर्तुळ असेल, तर तांब्याची कमतरता असू शकते. पण उन्हाने आणि जुन्या केसांनीही रंग उतरतो. म्हणून खांद्यामागचे केस बोटांनी बाजूला करून मुळाशी येणारा नवा केस कोणत्या रंगाचा आहे ते पाहा. तो काळाभोर असेल तर काळजी नाही. पारडाचे केस लहानपणी तसेही भुरकट असतात, तिथे रंगावरून काही ठरवू नका.

नाकाभोवती, मानेवर, पायांवर कातडी जाड होऊन भेगा पडल्या आणि जखमा लवकर भरेनात, तर जस्त आठवावे. मात्र डोळ्यांभोवती-मानेवर गोल, राखाडी, सुक्या पापुद्र्याचे चट्टे असतील तर ते गजकर्ण. त्याला पावडर नाही, औषध लागते, आणि ते माणसालाही होते. हात धुवा.

खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. गुलाबी हवा. फिका दिसला की लोहाचे इंजेक्शन मागण्याआधी कानामागे, काखेत, शेपटीखाली गोचीड आहेत का बघा. संकरित वासरात रक्त कमी होण्यामागे गोचीडताप आणि जंत ही कारणे जास्त आढळतात. ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

माती, दोर, भिंतीचा चुना चाटणे हे फॉस्फरस, मीठ किंवा सूक्ष्म खनिजे कमी असल्याचे लक्षण असू शकते. जंतांचेही असू शकते. नुसते कंटाळलेले, चारा न मिळालेले वासरूही दोर चघळते. आधी जंतनाशक, मग महिनाभर नेमाने मिश्रण, मग निष्कर्ष. पारडांना पोटातल्या मोठ्या गोल जंतांचा त्रास पहिल्या पंधरवड्यातच सुरू होतो, म्हणून पहिला डोस दहाव्या दिवसाच्या सुमारास द्यायची पद्धत आहे. पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. औषध आणि प्रमाण वजनावर ठरते, ते डॉक्टरांकडून घ्या.

जबड्याखाली पाण्याची मऊ पिशवी लोंबत असेल तर तो गलगंड नाही, जंत किंवा कुपोषणाचे लक्षण आहे. गलगंडाची गाठ गळ्याशी, वरच्या बाजूला आणि टणक लागते.

चांगले वाढणारे वासरू अचानक ताठ चालू लागले, उठताना धडपडू लागले, तर सेलेनियम आणि ई कमी पडून स्नायू खराब झालेले असू शकतात. सेलेनियमचे इंजेक्शन डॉक्टरांशिवाय कोणी देऊ नये. शेजाऱ्याने दिले आणि त्याला गुण आला, हे कारण पुरेसे नाही.

वाढ मोजायची कशी

वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. वासरू सपाट जागी चारही पायांवर सरळ उभे करा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात घ्या. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोतले अंदाजे वजन. घेर ४० आणि लांबी ३६ असेल तर ८७ किलो. महिन्याने तेच ४२ आणि ३८ झाले तर १०१-१०२ किलो, म्हणजे दिवसाला पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास वाढ. संकरित कालवडीसाठी हे ठीक आहे. दर महिन्याला एकाच वेळी, शक्यतो सकाळी चाऱ्याआधी मोजा आणि गोठ्याच्या दारामागे खडूने लिहून ठेवा, शेजारी मिश्रण कोणत्या तारखेपासून किती ग्रॅम तेही.

दोन महिने मिश्रण नेमाने जाऊनही वाढ २००-२५० ग्रॅमवर अडकली असेल तर माप वाढवू नका. खुराक, दूध, जंत, जुनी हगवण, न्यूमोनिया असे सगळे तपासून घ्या. हवे तर डॉक्टर रक्ताचा नमुना पाठवतील. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

गोठ्यात शेळ्या-मेंढ्या असतील तर

वासरांच्या गव्हाणीशेजारी मेंढ्या बांधलेल्या असतील तर गुरांचे खनिज मिश्रण त्यांच्या तोंडी लागू देऊ नका. गुरांना चालणारे तांबे मेंढीला सोसत नाही, ते तिच्या यकृतात साठते आणि एक दिवस अचानक कावीळ, लाल-काळी लघवी होऊन मेंढी दगावते. शेळी थोडी जास्त सोसते, तरी तिलाही तिचे वेगळे मिश्रण आणावे. डब्यांवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि मापाचे पेले वेगळ्या रंगाचे ठेवा.